बोलावणं की नुसतं सांगणं?



चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या मावश्यांना, कापूस वेचून नुकत्याच घरी टेकलेल्या तायांना, आणि भाभी, आपा, खाला, तुम्हा सगळ्यांना माझा रामराम. मी वेरूळच्या रस्त्याकडेला असलेल्या एका गावातली बाई. शाळेत असताना खो-खो खेळायची, चांगली खेळायची. लग्न झालं आणि खेळ सुटला. आता पंचेचाळिशीत, बचत गटाच्या निमित्तानं तो पुन्हा हाताला लागलाय. आज तुमच्याशी बोलायचंय ते या खेळाबद्दल, आणि खेळायला कोण येतं, कोण येत नाही, याबद्दल.

गोष्ट सुरू होते ८ मार्च २०२५ ला. महिला दिन होता. आमच्या ग्रामसंघानं ठरवलं, यंदा नुसती भाषणं नकोत, बायकांचे खेळ घेऊ. रस्सीखेच, लंगडी, लगोरी आणि खो-खो. मी ग्रामसंघाची सचिव, म्हणून सगळी तयारी माझ्याकडं. ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणावर चुन्याची फक्की मारली, कर्णा लावला, गावात दवंडी दिली, प्रत्येक गटाच्या मोबाईलवर निरोप टाकला. वेळ दुपारी चारची. मागं मोठा फलक लावला, "खेळ सर्वांसाठी."

बायका आल्या, चांगल्या आल्या. हसल्या, पडल्या, पुन्हा उठल्या. बक्षिसं वाटली, फोटो निघाले. रात्री मी घरी ते फोटो बघत बसले होते. आमच्या गावात मशिदीकडची एक पूर्ण आळी आहे. त्या आळीत आमचे दोन बचत गट आहेत. त्यांची परतफेड गावात सगळ्यांत चोख. पण एकाही फोटोत त्या आळीतली एकही बाई नाही. विहाराकडच्या वस्तीतल्या आल्या होत्या त्या फक्त तिघी, आणि त्याही कडेला उभ्या.

दुसऱ्या दिवशी मी हे बोलून दाखवलं, तर एकजण म्हणाली, "अगं, त्यांना खेळायचंच नसतं. त्यांच्यात चालत नाही." आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. पटवून घेणं सोपं असतं ना! आपली काही चूक उरत नाही.

आठवड्यानं हप्त्याच्या कामासाठी मी त्या आळीतल्या एका खालांकडं गेले. साठीच्या बाई. गावातल्या अर्ध्या बाळंतिणींना त्यांनी मालिश केलेलं. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "खाला, खेळाला का नाही आलात?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बेटी, रोजे चालू हैं ना!" आणि मग एक वाक्य बोलल्या, ते माझ्या काळजात बसलं. म्हणाल्या, "तू बुलाई नई. तू खाली बताई." म्हणजे, पोरी, तू बोलावलं नाहीस, नुसतं सांगितलंस.

मैत्रिणींनो, त्या वर्षी रमजान २ मार्चला सुरू झाला होता. ८ मार्च म्हणजे सातवा रोजा. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. त्यात आपल्या मराठवाड्यातलं मार्चचं ऊन, आणि आम्ही दुपारी चारला दोरी ओढायला बोलावतोय! बरं, ती वेळ घरात संध्याकाळच्या इफ्तारीचा स्वयंपाक लावायची. कोण येणार?

आता आपल्याकडून विचार करू. हरतालिकेच्या दिवशी कितीतरी बायका पाणीसुद्धा घेत नाहीत. नवरात्रात कुणी नऊ दिवस उपास धरते, कुणी अनवाणी चालते. त्या दिवशी कुणी धावायची स्पर्धा ठेवली आणि मग म्हणालं, "यांना खेळायचंच नसतं, यांच्यात चालत नाही," तर आपल्याला कसं वाटेल? आपण हळदी-कुंकवाला घरोघर जाऊन बोलावणं करतो. लग्नाला अक्षत द्यायला उंबऱ्यापर्यंत जातो. दवंडी ऐकून लग्नाला कुणी येत नाही. मग खेळाला का यावं?

त्या दिवसापासून मी आणि गटातल्या दोघीजणी, तिघी मिळून निघालो. जी आली नाही तिच्या दारात जायचं. समजावायचं नाही, भाषण करायचं नाही. एवढंच विचारायचं, "का नाही आलीस?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं, बरं का.

ऐकलं त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

विहाराकडची एक ताई म्हणाली, "सुरुवातीला तुमची पूजा, आरती झाली. आम्ही बाबासाहेबांची माणसं. हात जोडावेत की नुसतं उभं राहावं, कळत नव्हतं. म्हणून मागंच थांबलो." दुसरी आधी बोलतच नव्हती. मग हळूच म्हणाली, "पाण्याच्या पिंपाजवळ दोन पेले होते. एक स्टीलचा, एक प्लास्टिकचा. आमच्या हातात प्लास्टिकचाच का आला?" मैत्रिणींनो, मी तिथंच होते. मला ते दिसलं नव्हतं. ज्याला टोचतं त्यालाच दिसतं.

गावात दोन ख्रिस्ती घरं आहेत. तिथली बाई म्हणाली, "तुमच्या बैठका नेमक्या रविवारी सकाळी असतात. ती आमची प्रार्थनेची वेळ. मला तर कधी कळतच नाही काय ठरलं ते."

मशिदीकडच्या एका सुनेनं सांगितलं, "पटांगणाच्या तिन्ही बाजूंनी पानटपरी, कट्टा आणि पोरं. आम्ही पडलो की ती मोबाईलमध्ये घेणार. घरी काय सांगू?" आणि गंमत बघा, हेच वाक्य मला देवळाजवळच्या एका सुनेनंही ऐकवलं, शब्दाला शब्द!

आणि ज्या रोजंदारीनं जातात, त्या सगळ्या धर्मांच्या बाया एकच म्हणाल्या, "अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार?"

बघा, एकीनंही "आमच्या धर्मात खेळ चालत नाही" असं म्हटलं नाही. अडलं होतं ते वेळेवर, जागेवर, पाण्याच्या पेल्यावर. म्हणजे आमच्याच बांधणीवर.

आता थोडी जुनी गोष्ट सांगते, कारण खेळात धर्म शिरला की काय होतं ते आपल्या महाराष्ट्रानं फार पूर्वी पाहिलंय. मुंबईत क्रिकेटची एक मोठी स्पर्धा व्हायची. तिच्यात संघ गावाचे किंवा जिल्ह्याचे नसत, धर्माचे असत. आधी युरोपियन आणि पारशी. १९०७ पासून हिंदूंचा संघ आला, १९१२ पासून मुसलमानांचा. राहिलेल्यांचं काय? ख्रिस्ती आणि इतर लोकांसाठी १९३७ पासून पाचवा संघ केला. त्याचं नावच होतं "बाकीचे." विचार करा, आपल्याच देशात, आपल्याच मैदानावर एखाद्याची ओळख काय, तर बाकीचा!

त्या "बाकीच्यां"मधून आपल्या सांगलीचे विजय हजारे खेळायचे. ते ख्रिस्ती होते. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या संघाविरुद्ध त्यांच्या संघाच्या एका डावात ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. पुढं याच हजाऱ्यांच्या कप्तानीखाली भारतानं १९५२ साली मद्रासला इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. ज्याला "बाकीचा" म्हटलं होतं, तोच देशाचा कप्तान झाला.

हिंदूंच्या संघातही सगळे सारखे नव्हते. पळवणकर बाळू नावाचे मोठे गोलंदाज होते, चर्मकार समाजातले. पुण्यात ते मैदानाची देखभाल करणारे कामगार होते आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पुढं हिंदूंच्या संघात घेतलं, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पण सामन्याच्या मधल्या सुट्टीत त्यांना चहा मिळायचा बाहेर, मातीच्या कपात. मैदानात चेंडू एकच, सगळ्यांच्या हातातून फिरणारा. चहाचा कप मात्र वेगळा! त्या संघाचं कप्तानपद बाळूंना कधीच दिलं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं.

आमच्या विहाराकडच्या ताईनं प्लास्टिकच्या पेल्याचं सांगितलं, तेव्हा मला बाळूंचा तो मातीचा कप आठवला. शंभर वर्षांत कप मातीचा होता तो प्लास्टिकचा झाला, एवढंच का?

डिसेंबर १९४० मध्ये त्या स्पर्धेची मंडळी वर्ध्याला गांधीजींकडं सल्ला विचारायला गेली. धर्मावर संघ पाडणं आपल्याला पसंत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी स्पर्धा आणखी काही वर्षं रेटली गेली आणि १९४६ ला कायमची बंद झाली.

आता आपल्या गावाकडं या. आपण म्हणतो, आमच्याकडं कुठं धर्माचे संघ असतात? आमच्याकडं तर गल्लीचे संघ असतात! पण मला सांगा, आपल्या गावातल्या गल्ल्या कशा वसल्यात? एक आळी एका जातीची, एक वस्ती एका धर्माची. गल्लीचा संघ केला की न बोलता धर्माचाच संघ होतो. मग एखादा गुण चुकला की भांडण दोन संघांचं राहत नाही, दोन वस्त्यांचं होतं.

म्हणून आम्ही ठरवलं, संघ चिठ्ठ्यांनी पाडायचे. सगळ्यांची नावं एका डब्यात. शाळेतल्या लहान मुलीनं चिठ्ठी काढायची. जिच्या वाट्याला जो संघ येईल तो तिचा.

मग संघांच्या कपड्यांचा रंग काय? इथं आम्ही तासभर अडकलो! भगवा म्हटलं की एकीनं दुसरीकडं पाहिलं. हिरवा म्हटलं तसंच. निळा म्हटलं तसंच. तिन्ही रंग सुंदर, पण आपल्याकडं रंगसुद्धा आडनाव लावून येतात. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "रंग सोडा गं, शिवारात जे पिकतं त्याची नावं द्या." तेच केलं. ज्वारी, बाजरी, तूर आणि कापूस, असे चार संघ. ओळखीसाठी दंडाला सुतळी बांधायची. कुणाला एक गाठ, कुणाला दोन, कुणाला तीन, कुणाला चार. खर्च जवळजवळ काहीच नाही.

कपड्यांचा प्रश्न मोठा होता. तोही सांगते, कारण लोकांना वाटतं हा फक्त मुसलमान बायकांचा प्रश्न. तसं नाही. खो-खो आणि रस्सीखेचीत काचेच्या बांगड्या फुटून हाताला लागतात, म्हणून आमच्यातली एक पंच म्हणाली, "सगळ्यांनी बांगड्या, मंगळसूत्र काढून या." त्यावर निम्म्या बायका उठूनच उभ्या राहिल्या. "नवरा जिवंत असताना लेणं उतरवायचं?" तेव्हा एक भाभी हसून म्हणाली, "बघा, आता कळलं ना, डोक्यावरची ओढणी काढा म्हटल्यावर आम्हाला कसं वाटतं ते!" सगळ्या हसलो, आणि तिथंच नियम ठरला. एकच नियम, सगळ्यांना सारखा: जे टोचणार नाही, अडकणार नाही, गळ्याला फास बसवणार नाही, ते चालेल. बांगड्या वर सरकवून त्यावर फडकं गुंडाळायचं. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, पदर कमरेला घट्ट. ओढणी मागं गाठ मारून, टाचणी अजिबात नाही. साडी, पंजाबी ड्रेस, नऊवारी, सलवार, काय घालायचं ते जिचं तिनं ठरवावं. बुरखा ठेवायचा की काढायचा तेही तिनंच. घाला म्हणून आग्रह नको, काढा म्हणूनही नको.

आपण खेड्यातल्या बायकांनी काही जगावेगळं केलं असं समजू नका. जगातल्या मोठ्या मोठ्या संघटनांनाही हेच करावं लागलं. २०१४ साली आशियातल्या एका बास्केटबॉल स्पर्धेत आपल्या भारताच्या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवूनच खेळावं लागलं. त्याच वर्षी कतारच्या मुलींना डोक्यावरचा रुमाल काढा म्हटलं, तर त्या आशियाई खेळांतून न खेळताच माघारी गेल्या. लोकांनी आवाज उठवला, आणि २०१७ मध्ये बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं तो नियम बदलला. फुटबॉलमध्ये पगडी आणि रुमालाला २०१४ लाच परवानगी मिळाली होती. खेळ तोच राहिला. चेंडू तोच, गोल तोच. फक्त दार थोडं रुंद झालं.

आणि उलट बाजूही आहे. आपल्या नांदेडच्या पलीकडं, तेलंगणात, निजामाबाद आहे. तिथल्या निखत झरीनला लहानपणी लोक बोलायचे, मुलगी असून बॉक्सिंग काय, आखूड चड्डी काय! तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं ती जगज्जेती झाली. कुणी डोकं झाकून खेळेल, कुणी चड्डी घालून खेळेल. दोघींनाही मैदान मिळालं पाहिजे.

आमच्या मराठवाड्याच्या मातीत तर खो-खोच पिकतो! धाराशिवच्या सारिका काळेच्या कप्तानीखाली भारतानं २०१६ च्या दक्षिण आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं. पुढं २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या मुलींनी जिंकला, आणि कप्तान होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. उद्याची सारिका, उद्याची प्रियांका आपल्या गावात कोणत्या आळीत जन्मली असेल, काय सांगता येतं? एक आळीच मैदानावर आली नाही, तर ती तिथंच राहून जाईल.

तर दुसऱ्या खेपेचे खेळ आम्ही ठेवले ३ जानेवारी २०२६ ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. शनिवार होता, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेचा प्रश्न नाही. आमच्या गावचा बाजारही शनिवारीच, त्यामुळं मजुरीला सुट्टी. आम्ही खूश! तेवढ्यात विहाराकडची ताई म्हणाली, "त्या दिवशी पौर्णिमा आहे. संध्याकाळी आमची विहारात वंदना असते." म्हणजे इतकं करूनही आमच्या नजरेतून एक गोष्ट सुटलीच होती. पण या वेळी ती बैठकीला होती, म्हणून आधी कळलं. खेळ सकाळी नऊला ठेवले, दुपारच्या आत संपवले.

जागा बदलली. उघड्या पटांगणाऐवजी शाळेचं आवार घेतलं, कारण त्याला भिंत आहे. मुख्याध्यापकांना ग्रामसंघाचं पत्र दिलं. पुरुषांना दाराबाहेर ठेवलं. अगदी माझ्या नवऱ्यालासुद्धा! तो बाहेर बसून पोरं सांभाळत होता. मोबाईल एका टोपलीत. फोटो एकच, शेवटी, आणि जिला हवा तिनंच त्यात उभं राहायचं.

सुरुवात कशी करायची? कुणाच्या श्रद्धेला आम्ही नाही म्हटलं नाही. जिला नारळ फोडायचा, तिनं घरून देवाला फोडून यावं. जिला दुवा करायची, वंदना घ्यायची, तिनं ती करून यावं. मैदानावर मात्र सगळ्यांची मिळून एकच सुरुवात: गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं शिट्टी फुंकायची. आजीला फुंकता येईना, बोळक्या तोंडातून वाराच जायचा! तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा वाजली, आणि जो काय आरडाओरडा झाला म्हणता!

पाण्याला एकच पिंप, एकसारखे स्टीलचे पेले, आणि वाढायला प्रत्येक संघातली एकेक. खायला चिवडा, केळी आणि शेंगदाण्याची चिक्की. कुणालाच अडचण नाही. बक्षीस म्हणून स्टीलचे डबे. त्यावर कुठलं चित्र नाही, फक्त तारीख कोरलेली.

आणि खालांचं सांगायचं राहिलंच. मी त्यांच्या दारात गेले, बसले, चहा प्यायले आणि म्हटलं, "खाला, आज सांगायला नाही आले, बोलवायला आले." त्या एकट्या आल्या नाहीत. तेवीस बायका घेऊन आल्या.

मैत्रिणींनो, खो-खोमध्ये एक गोष्ट आहे, ती खेळल्याशिवाय कळत नाही. आठजणी एका ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. धावणारीनं बसलेलीच्या पाठीमागून येऊन तिच्या पाठीला हात लावायचा आणि "खो" म्हणायचं. हात लावल्याशिवाय खो होत नाही. त्या दिवशी कुणाचा हात कुणाच्या पाठीवर पडत होता, हे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढची बाई पळत होती, तिला धरायचं होतं. देवळाजवळची सून "बाजरी, बाजरी!" म्हणून ओरडत होती, आणि जिच्यासाठी ओरडत होती ती मशिदीकडची होती. एका गुणावरून भांडणही झालं, कडाक्याचं झालं. पण ज्वारीचं आणि बाजरीचं झालं!

आता सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. एका घरानं सुनेला पाठवलंच नाही. आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. कारण आमच्या आग्रहाचा त्रास तिलाच झाला असता. विहाराकडच्या एक मावशी आल्या, पण खेळल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून मन होत नाही." आम्ही त्यांना गुण लिहायला बसवलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. इतकी वर्षं आम्हाला ते माहीतच नव्हतं.

काही लोकांनी नावंही ठेवली. "एवढी कशाला मनधरणी? खेळ म्हणजे खेळ, सगळ्यांना एकच नियम." त्यांना मी एवढंच म्हणते, खेळाचा नियम एकच आहे. दोरीची रेघ ओलांडली की बाद, मग ती कुणीही असो. पण उपाशीपोटी असलेलीला आणि जेवून आलेलीला एकाच उन्हात उभं करणं, याला सारखं वागवणं म्हणत नाहीत. आणि बघा ना, भिंतीचं आवार मागितलं मशिदीकडच्या सुनेनं, फायदा झाला सगळ्या सुनांना. बाजाराचा दिवस धरला मजूर बायांसाठी, आल्या सगळ्याच. एकीसाठी केलेली सोय एकीपुरती राहत नाही.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री मोबाईलवर एक चित्रफीत फिरली. शहरात काहीतरी झालंय, आता गावात होणार, असं त्यात होतं. पोरं चौकात जमायला लागली. नऊच्या सुमाराला मला भाभीचा फोन आला, "ताई, तुमच्याकडं काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, "तेच, जे तुमच्याकडं." आम्ही दोघींनी मिळून चारही संघांच्या बायकांना फोन लावले. प्रत्येकीनं आपापल्या घरातल्या पोराला आत बोलावलं. सकाळी कळलं, चित्रफीत जुनी होती, आपल्याकडची नव्हतीच. खेळामुळं दंगे थांबतात असं मी म्हणत नाही; एवढी मी मोठी नाही. पण वर्षभरापूर्वी माझ्याकडं भाभीचा नंबर नव्हता, आणि असता तरी रात्री नऊला तिनं मला फोन केला नसता. एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिला.

आता तुमच्याकडं येते. आणखी एक गोष्ट गाठीशी बांधा. आपल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम सांगतं की धर्म, जात, लिंग यावरून कुणाला सार्वजनिक विहीर, तळं, रस्ता आणि सरकारी पैशानं राखलेल्या सार्वजनिक जागा वापरायला अडवता येत नाही. गावचं पटांगण त्यातच आलं. ते कुणा एका आळीचं नाही, एकट्या पोरांच्या क्रिकेटचंही नाही. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. तिच्यात विषय मांडा: आठवड्यातले दोन तास पटांगण किंवा शाळेचं आवार बायका-मुलींसाठी राखून ठेवा. ठराव लिहून घ्या, तोंडी नको.

आणि सगळ्यांत जवळचं काम. येता ८ मार्च तोंडावर आलाय. तुमच्याही गावात महिला दिनाची तयारी सुरू असेल. उठा आणि भिंतीवरची दिनदर्शिका बघा. यंदा ८ मार्चला रविवार आहे, म्हणजे सकाळी ख्रिस्ती बायकांची प्रार्थना. त्याच दिवशी रंगपंचमी आहे. आणि रमजानही चालू असणार. तिन्ही एका दिवशी! आम्ही त्या दिवशी फक्त सभा घेणार आहोत, तीही थोडक्यात. खेळ ईद झाल्यावर, एखाद्या सकाळी.

तुम्ही काय ठरवाल ते तुम्ही ठरवा. पण ठरवायच्या आधी तुमच्या मागच्या कार्यक्रमाचे फोटो काढून बघा. त्यात कोण नाही ते शोधा. तिच्या दारात जा. फलक नेऊ नका, भाषण नेऊ नका. उंबऱ्याशी बसा आणि विचारा, "मागच्या वेळी का नाही आलीस?"

आणि मग तारीख काढा. तिला विचारून.

येते मी. आमच्या गावाकडं आलात तर शनिवारी या. बाजार झाला की शाळेच्या आवारात आमचा सराव असतो. शिट्टी ऐकू येईल.